लबनेचं श्रीखंड



फौजी माणसाला माईकसमोर उभं केलं की लोकांना दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक तर गोळीबाराची गोष्ट, नाहीतर शिस्तीवर भाषण. आज माझ्याकडे दोन्ही नाही. मी खाण्याबद्दल बोलणार आहे. चुकून खाल्लेल्या, चुकून वाढलेल्या आणि एकदा चुकून तोडलेल्या खाण्याबद्दल. त्यातली शेवटची गोष्ट मी मित्रांच्या बैठकीत बरीच वर्षं अर्धीच सांगत आलो, कारण अर्धी सांगितली की लोक पोट धरून हसतात. आज पूर्ण सांगतो.

2003 साली मी लेबनॉनमध्ये होतो. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे मार्च 1978 मध्ये आली आणि आपली एक पलटण 1998 मध्ये. नॉर्वेच्या पलटणीची जागा आपण घेतली. देशाचा अगदी दक्षिण-पूर्वेचा कोपरा. समोर हर्मोन पर्वत, त्याच्या माथ्यावर बर्फ, उतारांवर ऑलिव्हची झाडं, आणि खाली कुठेतरी ब्लू लाइन. 2000 च्या मे महिन्यात इस्रायलचं सैन्य मागे गेलं, ते खरंच मागे गेलं का हे तपासायला संयुक्त राष्ट्रांनी नकाशावर आखलेली ही रेघ. आमचं काम म्हणजे या रेघेवर लक्ष ठेवायचं, गस्त घालायची, आणि गावातल्या लोकांशी बरे संबंध ठेवायचे. पहिली दोन कामं फौजीला शिकवलेली असतात. तिसरं काम कोणी शिकवत नाही. ते ताटावर बसून शिकावं लागतं.

पहिला धडा दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाला. निघण्यापूर्वी आम्हाला अरबी शब्दांचा एक छापील कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं, लबन म्हणजे दूध. आमचा लंगरचा हवालदार गावातल्या दुकानात गेला, "लबन, लबन" म्हणाला, मोठं भांडं भरून घेऊन आला आणि उकळत्या चहात ओतलं. सव्वाशे माणसांचा चहा फाटला. लबन म्हणजे दूध, पण इजिप्तमध्ये. लेबनॉनमध्ये लबन म्हणजे दही. दुधाला तिथे हलीब म्हणतात. भाषा एकच, पण देश बदलला की चहाची कढी होते.

असं बरंच काही झालं. हसबया भागातले द्रूझ लोक माते नावाचं पेय पितात. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिकडे पोटासाठी गेलेले लोक परत येताना ही सवय घेऊन आले. छोट्या भांड्यात पाला, त्यावर गरम पाणी, आणि प्यायला धातूची नळी. ती नळी लिंबाच्या सालीने पुसून पुढच्याला देतात. आमच्या एका हरियाणवी नायकाने नळी पाहिली, भांडं पाहिलं, आणि त्याला घर आठवलं. त्याने हुक्क्याचा ओढावा तसा पोटातून दम ओढला. उकळतं पाणी! पण गडी फौजी. थुंकला नाही. डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "बढ़िया तंबाकू है."

मुख्तारच्या घरचं जेवणही सांगतो. मुख्तार म्हणजे गावचा पाटील समजा. तिथे जेवणाऱ्याला "सहतेन" म्हणायची पद्धत आहे. म्हणजे तुम्हाला दुप्पट आरोग्य लाभो. माझ्याबरोबर कराडकडचा एक लान्स नाईक होता, तेवीस वर्षांचा. मुख्तारने तळलेल्या किब्ब्यांचं ताट पुढे केलं, म्हणाला "सहतेन". पोरगा माझ्या कानाशी आला. "साहेब, सहा की तीन विचारतोय." मी म्हटलं, तीन सांग. त्याने तीन बोटं दाखवली. मुख्तारने प्रेमाने तीन वाढले. खाऊन झाले, मुख्तार पुन्हा म्हणाला "सहतेन". पुन्हा तीन बोटं. असं चार वेळा झालं. आम्हाला वाटलं, काय आग्रह करतात ही माणसं! आणि त्यांना वाटलं, काय खातात!

त्याच जेवणात मी एक गुळगुळीत, लालसर पदार्थ चवीने खाल्ला. वर पुदिना, तेलाची धार. मला बिटाच्या कोशिंबिरीसारखं काहीतरी वाटलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. परतताना जीपमध्ये आमच्या दुभाष्याने कौतुक केलं, म्हणाला, परदेशी माणसं सहसा किब्बे नय्ये खात नाहीत. मी विचारलं, नय्ये म्हणजे? म्हणाला, कच्चं. गहू आणि कच्चं मटण. मी पोस्टवर पोहोचेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आता श्रीखंड.

गावात एक म्हातारी होती. शेळ्या पाळायची, दूधदुभतं विकायची. तिकडे आजीला तेता म्हणतात, म्हणून अख्खी पोस्ट तिला तेता म्हणायची. तिच्याकडे पहिल्यांदा लबने पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. फडक्यात बांधून टांगलेलं दही, पाणी निथळलेलं, पांढरंशुभ्र, घट्ट. मंडळी, तो चक्का होता! घरापासून हजारो मैलांवर चक्का! दसरा आठ दिवसांवर आलेला. फौजेत दसऱ्याला शस्त्रपूजा असते आणि मग बडाखाना, म्हणजे जवानांपासून साहेबांपर्यंत सगळे एका पंगतीला. मी सी.ओ. साहेबांना शब्द देऊन टाकला की या वर्षी गोड पदार्थ माझ्याकडे. बडोद्याचं कोणी ऐकत असेल तर श्रीखंड कोणाचं हा वाद आपण नंतर घालू. त्या पोस्टवर ते माझं होतं.

तेताकडून पंधरा किलो लबने घेतलं. बारा किलो साखर. पुरणयंत्र कुठून आणणार? नव्या कोऱ्या मच्छरदाणीचा तुकडा धुऊन घेतला आणि दोन जवान रात्री उशिरापर्यंत त्यातून चक्का घासत बसले. माझ्या ट्रंकेत बायकोने वेलदोडे आणि केशराची डबी दिली होती, ती सगळी रिकामी केली. आचारी गढवाली. त्याने एकदा विचारलं, "साब, चख लूँ?" मी ओरडलोच. उद्या शस्त्रांपुढे नैवेद्य ठेवायचा आहे, आधी चाखून उष्टा करायचा? आमच्या घरात आईने कधी नैवेद्याचं चाखलं नाही, मीठ अंदाजाने घालायची आणि ते कधी चुकलं नाही. आता लक्षात येतं, आई भाजीत मीठ घालत होती, श्रीखंडात नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. रायफली, मशिनगनी ओळीने मांडलेल्या, कुंकवाची बोटं, आरती, नैवेद्य. मग पंगत. पाहुणे म्हणून मुख्तार, शाळेचे मास्तर आणि तेता. पहिला चमचा सी.ओ. साहेबांनी घेतला. ते जाट. घरात दूध-दही वाहतं अशा गावातले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. चमचा खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "मेजर, आपके यहाँ यह त्योहार पर खाते हैं या सज़ा में?"

मी चाखलं. लबनेत मीठ असतं, मंडळी. दही बांधतानाच घालतात. ते टिकावं म्हणून, आणि ते लोक ते पोळीसारख्या रोटीशी, तेल आणि पुदिना घालून खातात म्हणून. पंधरा किलो खारट चक्क्यात बारा किलो साखर. वर केशर. शंभर माणसं माझ्याकडे पाहत होती. कराडचा पोरगा, श्रीखंड म्हणजे काय हे माहीत असलेला तिथला दुसरा माणूस, ताटात मान घालून खांदे हलवत होता.

मुख्तारने मात्र पाहुणचाराची लाज राखली. त्याने रोटीचा तुकडा मोडला, वाटीत ऑलिव्हच्या तेलाची धार धरली आणि श्रीखंड तेलाशी खाऊन संपवलं. तेताने एक बोट बुडवून चाटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जी हसायला लागली! डोक्यावरचा रुमाल सुटला तरी हसतच होती. मग मला हाताला धरून उभं केलं आणि लहान पोराला शिकवावं तसं म्हणवून घेतलं, "लबने बला मिलेह." बला मिलेह म्हणजे मिठाशिवाय. आपल्याकडे बला म्हणजे संकट. जवानांनी लगेच त्याचं हिंदी केलं, "बला मिले". महिनाभर मी दिसलो की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, साब को बला मिले.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर गावातली दारं उघडली. तोपर्यंत आम्ही रस्त्याने गेलो की बायका मुलांना आत घ्यायच्या. पांढऱ्या गाड्या, निळ्या टोप्या असल्या तरी हातात बंदूकच ना! त्या गावाने बाविसेक वर्षं बंदूकवालेच पाहिले होते, आणि प्रत्येक जण आपल्या भल्यासाठी आलोय म्हणूनच सांगायचा. आता मुलं आमच्या गाडीमागे "सुक्कर, मिलेह" ओरडत पळायची, म्हणजे साखर, मीठ. आणि तेताला वाटायला लागलं की ही माणसं आपल्या जिवावर सोडलेली आहेत, यांना काही म्हणजे काही कळत नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं.

आता ती गोष्ट.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या भागात हे ऑलिव्ह उतरवायचे दिवस. घरचं लहानथोर बागेत. झाडाखाली चादरी अंथरलेल्या, काठ्यांनी फांद्या झोडपतात, एक फळ वाया जाऊ देत नाहीत. वर्षाचं तेल त्यातून निघतं, पोरांच्या फिया त्यातून भरतात. आम्ही चौघे गस्तीवरून परतत होतो. मी, कराडचा पोरगा, पंजाबी ड्रायव्हर आणि दुभाष्या. वळणावर गाडी गरम झाली म्हणून थांबलो. रस्त्याच्या कडेला पाच-सहा झाडं, फळांनी लगडलेली. काळीभोर, टपोरी. खाली सडा पडलेला.

पोरगा म्हणाला, "साहेब, जांभळं!"

ऑक्टोबरात जांभूळ कुठलं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. डब्यातली ऑलिव्ह आम्ही खाल्ली होती, पण ती हिरवी, भोक पाडलेली, खारवलेली. झाडावरचं पिकलेलं फळ आणि ती एकच हे कोणी सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला, परवानगीसाठी. आणि मी म्हणालो, "जा, चव बघ. दोन माझ्यासाठी पण आण."

हे वाक्य मी गोष्ट सांगताना नेहमी गाळत आलो. मी म्हणालो होतो.

तो दहा-बारा पावलं आत गेला, मूठभर फळं तोडली, दोन तोंडात टाकली. मंडळी, झाडावरचं ऑलिव्ह इतकं कडू असतं की कडुलिंब बरा. ते दिवसेंदिवस पाण्यात बदलून बदलून ठेवल्याशिवाय, मिठात मुरवल्याशिवाय खाताच येत नाही. पोराचं तोंड असं काही झालं की आम्ही रस्त्यावर गुडघे धरून हसलो. ड्रायव्हर तर बॉनेटवर हात आपटत होता. तेवढ्यात वरच्या उतारावरून तेता धावत येताना दिसली. सत्तरीची बाई, चपला हातात, ओरडत होती, "अल्गाम! अल्गाम!"

आम्हाला वाटलं, बाग तिची, फळं चोरली म्हणून चिडली. ड्रायव्हर हसत म्हणाला, "साब, बोल रही है लगाम लगाओ लड़के को." आम्ही आणखी हसलो. इथपर्यंतच मी सांगत असे. इथे लोक हसतात, आणि मी चहा मागवतो.

दुभाष्या हसत नव्हता. तो गाडीच्या पलीकडे होता, आता पुढे आला होता आणि पांढरा पडला होता. अल्गाम म्हणजे सुरुंग.

सुरुंगांचं शिक्षण आम्हाला झालेलं होतं. लाल त्रिकोणी पाट्या ओळखायच्या, तारा ओळखायच्या, सगळं पाठ. पण तिथे पाटी नव्हती, पडली असेल किंवा कधी लागलीच नसेल, आणि तो शब्द कानाला माहीत नव्हता. आणि ज्या गोष्टीला भाषा लागतच नव्हती ती समोर दिसत होती. एक एक फळ मोजणाऱ्या गावात, ऐन तोडणीच्या दिवसांत, भरलेली सहा झाडं आणि कोणी हात लावलेला नाही. खाली वर्षांचा सडा. मी खेड्यात वाढलेला माणूस. रस्त्याकडेचा आंबा पाडाला आलाय आणि कोणी दगड मारत नाही, असं दिसलं असतं तर मी आधी विचारलं असतं, का रे बाबा? परक्या मुलखात मी तेवढंही विचारलं नाही.

मी ओरडलो, "हलू नकोस. आहेस तिथे उभा राहा." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. जमीन कोरडी, खडकाळ, त्याच्या पावलांचे ठसे दिसत नव्हते, त्यामुळे आल्या वाटेने परत ये म्हणता येत नव्हतं. वायरलेसवरून सॅपर्सना बोलावलं. ते येईपर्यंत आणि काम सुरू करून त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत दोन तास गेले.

दोन तास तो पोरगा झाडाखाली उभा होता. मुठीत ती फळं, तोंडात कडू. पाण्याची बाटली गाडीत. फेकली आणि ती चुकीच्या जागी पडली तर? म्हणून तीही दिली नाही. तेता रस्त्याच्या काठावर मांडी घालून बसली आणि त्याच्याशी बोलत राहिली. अरबीत. तो मराठीत उत्तर द्यायचा. ती काहीतरी लांबलचक सांगायची, तो म्हणायचा, "होय आजी." मध्येच म्हणाला, "आजी, लई कडू हाय ओ." ती हसली आणि पुन्हा बोलू लागली. मी दुभाष्याला विचारलं, काय सांगतेय? तो म्हणाला, ऑलिव्ह कसं मुरवायचं ते सांगतेय. फळ दगडाने ठेचायचं, पाणी रोज बदलायचं, मग मीठ, लिंबू, मिरची. आणि तिच्या नवऱ्याचं सांगतेय. 2000 मध्ये सैन्य गेल्यावर सगळे आपापल्या जमिनीकडे धावले तेव्हा तो याच झाडांकडे आला होता. पाय गेला. पुढच्या वर्षी तोही गेला.

सॅपर्सना त्याच्यापासून तीन पावलांवर एक सुरुंग सापडला. बुटाच्या पॉलिशच्या डबीहून थोडा मोठा. पोरगा बाहेर आला, मला सॅल्यूट केला आणि मग रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. मुठीतली फळं त्याने तोपर्यंत सोडली नव्हती. तेताने त्याची बोटं एक एक करून उघडली.

संध्याकाळी सी.ओ. साहेबांसमोर उभा राहिलो. परवानगी मी दिली होती हे सांगितलं. त्यांनी जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. त्या वर्षांत अमिरातीच्या पैशातून दक्षिण लेबनॉनमध्ये सुरुंग काढायचं मोठं काम चालू होतं. ती सहा झाडंही त्यांच्या यादीत गेली.

डिसेंबरात तेताने एक बरणी पाठवली. ठेचलेली हिरवी ऑलिव्ह, लिंबाच्या फोडी, लाल मिरची. पोराने पहिले काही दिवस बरणीकडे पाहिलंही नाही. मग एकदा लंगरमध्ये पाहिलं तर रोटीबरोबर लोणच्यासारखी खात होता. म्हणाला, "साहेब, मुरलीत चांगली."

पाडव्याला मी पुन्हा श्रीखंड केलं. लबने बला मिलेह, तेताने स्वतः बांधलेलं. या वेळी नैवेद्याची वाटी आधी वेगळी काढली आणि बाकीचं चारदा चाखलं. छान झालं होतं. तेताला मोठी वाटी भरून दिली. तिने एक चमचा खाल्ला, विचार केला, पदराआडून कागदाची पुडी काढली आणि वाटीत चिमूटभर मीठ टाकलं.

2006 च्या जुलैमध्ये तिथे युद्ध पेटलं तेव्हा मी भारतात होतो, टीव्हीसमोर. चौतीस दिवस. दुभाष्याचा फोन सप्टेंबरमध्ये लागला. गाव उभं होतं. तेता त्याच्याकडेच बसली होती. म्हणाली, या वर्षी ऑलिव्ह झाडावरच राहणार, बागांमध्ये क्लस्टर बॉम्बची पिल्लं पडलीत. मग तिने विचारलं, तो पोरगा अजून झाडांखाली जातो का?

पोरगा तोपर्यंत नायक झाला होता आणि लग्नाच्या रजेवर होता. मी त्याला फोन करून निरोप सांगितला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजीला सांगा साहेब, आता जांभळं पण बाजारातनंच आणतो."